क्यू-शिराताकी : एका मुलीसाठी चालू ठेवलेल्या स्थानकाची खरी हकीकत

उत्तरवारा

२०१६ च्या जानेवारीत मी नोकरीनिमित्त सप्पोरोला राहत होतो. त्या एकाच आठवड्यात पुण्याच्या मावशीपासून शाळेतल्या मित्रांपर्यंत अनेकांनी मला व्हॉट्सॲपवर एकच मजकूर पाठवला. होक्काइदो बेटावर कामि-शिराताकी नावाचे एक ओसाड स्थानक आहे, तिथे दिवसातून दोनदाच, सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी आणि संध्याकाळी ५ वाजून ८ मिनिटांनी गाडी थांबते, त्या गाडीला शाळेत जाणारी एकच मुलगी बसते आणि तिचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत स्थानक बंद करायचे नाही असे जपान सरकारने ठरवले आहे, अशी ती गोष्ट होती. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गटावर तोच मजकूर बर्फातल्या गाडीच्या त्याच छायाचित्रासह पुन्हा आला, म्हणून हा धागा काढतो आहे. त्या मजकुरात काही खरे आहे, काही चुकीचे आहे, आणि जे चुकीचे आहे त्याच्या आड त्या स्थानकाची खरी हकीकत झाकली गेली आहे.

सर्वांत आधी नावांचा घोळ. होक्काइदोच्या मध्यभागातून ईशान्येकडच्या ओखोत्स्क समुद्राकडे सेकिहोकु नावाचा एकेरी लोहमार्ग जातो. शिन-आसाहिकावा ते आबाशिरी अशी त्याची लांबी २३४ किलोमीटर आहे. या मार्गावर डोंगर ओलांडला की यूबेत्सु नदीच्या खोऱ्यात शिराताकी हे गाव लागते. 'शिराताकी' म्हणजे पांढरा धबधबा. या एका नावाची चार स्थानके ओळीने होती : आधी कामि-शिराताकी, म्हणजे वरचे, मग नुसते शिराताकी, मग क्यू-शिराताकी, म्हणजे जुने, आणि शेवटी शिमो-शिराताकी, म्हणजे खालचे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसाच हा प्रकार. ती विद्यार्थिनी गाडीत बसत होती ती क्यू-शिराताकीला. गोष्टीत नाव आले ते सुमारे दहा किलोमीटर अलीकडच्या कामि-शिराताकीचे, आणि गाड्यांच्या वेळाही कामि-शिराताकीच्याच. त्या स्थानकावर खरोखरच प्रत्येक दिशेला दिवसाला एकच गाडी थांबत असे. क्यू-शिराताकीला मात्र सकाळी शाळेच्या गावाकडे, म्हणजे एंगारूकडे जाणारी एक आणि परतीच्या दिशेने दुपार उलटल्यावर तीन गाड्या थांबत. सरावासाठी किंवा अभ्यासासाठी शाळेत उशिरापर्यंत थांबायचे असेल, तर तिला पुढची गाडी मिळत असे.

दुसरी चूक अधिक मोठी आहे. ती गाडी एका मुलीसाठी धावत नव्हती. सकाळच्या त्या गाडीत आसपासच्या स्थानकांवरून एंगारूला शिकायला जाणारे आणखी विद्यार्थी असत. गाडी क्यू-शिराताकीवरून जाणारच होती. प्रश्न होता तो तिथे अर्धा मिनिट थांबण्याचा आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी फलाट, जिना, पाटी, दिवा आणि बर्फ काढण्याचा खर्च वर्षभर सोसण्याचा. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण गावोगावची लहान स्थानके का टिकतात आणि का संपतात, हे त्यातून समजते.

तिसरी गोष्ट तारखेची. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या 'सीसीटीव्ही न्यूज' या वाहिनीने ही कहाणी जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकवर टाकली आणि तिथून ती जगभर गेली. मुलगी उत्तीर्ण होईल त्या दिवशी, २६ मार्चला, स्थानक बंद होणार असे त्यात सुचवले होते. वास्तविक जपानी रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये बदलते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. त्या दिवशी जेआर (जपान रेल्वे) होक्काइदो कंपनीने एकूण आठ स्थानके बंद केली. कामि-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही त्यांपैकी तीन होती. उरलेली होक्काइदोच्या दुसऱ्या भागांत होती आणि त्यांचा या विद्यार्थिनीशी काही संबंध नव्हता. त्याच दिवशी, त्याच कंपनीची शिनकान्सेन ही अतिवेगवान गाडी पहिल्यांदा होक्काइदोत, शिन-हाकोदाते-होकुतो स्थानकापर्यंत धावली. सप्पोरोत आमच्या कार्यालयात दिवसभर दूरचित्रवाणीवर त्या नव्या गाडीचे स्वागत चालू होते, आणि माझे मन मात्र त्या तीन फलाटांपाशी होते.

त्या फेब्रुवारीत मी मुद्दाम एंगारूला मुक्काम केला आणि दुपारच्या गाडीने क्यू-शिराताकीला गेलो. एकच डबा असलेली डिझेल गाडी, किहा-४० जातीची, आतून उबदार आणि तेलाच्या वासाची. उतरलो तेव्हा उणे बारा तापमान होते. फलाट आखूड होता, बाजूला प्रतीक्षेसाठी बांधलेली लहानशी लाकडी खोली होती, आत बाकावर कोणीतरी हाताने शिवलेल्या उशा ठेवल्या होत्या आणि भिंतीवर वेळापत्रकाचा एकच कागद होता. खोलीच्या दारापासून फलाटापर्यंतचा बर्फ त्या सकाळीच फावड्याने काढलेला दिसत होता आणि त्याच्या कडा विटेसारख्या सरळ कापलेल्या होत्या. ज्याने ते काम केले होते तो कुठेच दिसला नाही. मी पुढच्या गाडीची वाट पाहत दीड तास तिथे बसलो, आणि त्या दीड तासात रस्त्यावरून चार मोटारी गेल्या.

कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे. मला ठाऊक आहे तेवढे सांगेन.

पाऊलखुणा

उत्तरवारा, हा मजकूर मी स्वतः पुढे पाठवला होता, एवढेच नव्हे तर आमच्या शाळेच्या परिपाठात मुलांना वाचून दाखवला होता, त्यामुळे तुमचे लिखाण वाचताना मला वाईट वाटले आणि बरेही वाटले. एक शंका आहे. गावातच शाळा का नव्हती? तीस-पस्तीस किलोमीटर दूर रोज गाडीने जाणे हे जपानसारख्या देशात मला अपेक्षित नव्हते.

उत्तरवारा

पाऊलखुणा, जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे आहे, म्हणजे सहा वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे माध्यमिक. त्यापुढची तीन वर्षे उच्च माध्यमिक शाळेची. बहुतेक सर्व मुले ती करतात, पण ती सक्तीची नाहीत, त्यामुळे प्रत्येक लहान गावात तशी शाळा नसते. शिराताकी हे पूर्वी स्वतंत्र गाव होते. १ ऑक्टोबर २००५ रोजी ते एंगारूच्या नगरपालिकेत विलीन झाले. त्या खोऱ्यातल्या मुलांची पंधराव्या वर्षानंतरची शाळा एंगारूला, आणि तिथवरचा मार्ग म्हणजे हीच गाडी. सोळा वर्षांच्या मुलाला मोटार चालवता येत नाही आणि म्हातारपणी अनेकांना ती चालवणे सोडावे लागते. खेड्यातल्या गाडीत म्हणूनच मला गणवेशातली मुले आणि आजीआजोबा दिसत. मधल्या वयाचे जवळजवळ कोणीच दिसत नसे.

तुम्ही परिपाठात वाचून दाखवले याबद्दल खंत बाळगू नका. मुलांनी त्यातून जे घेतले असेल ते चांगलेच घेतले असेल.

सिग्नल केबिन

मी रेल्वेत चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझा प्रश्न कोरडा वाटला तर क्षमा असावी. तीन स्थानके एकाच दिवशी बंद झाली असे तुम्ही लिहिता. मार्ग एकेरी आहे. मग समोरासमोरच्या गाड्यांचे क्रॉसिंग कुठे होते? मधली तीन स्थानके काढली तर ब्लॉक सेक्शन, म्हणजे एका वेळी एकाच गाडीला सोडता येते तो टप्पा, फारच लांब होईल.

उत्तरवारा

हा प्रश्न कोरडा मुळीच नाही, आणि याचे उत्तर मी मूळ लेखात द्यायला हवे होते. तिन्ही स्थानकांचा शेवट सारखा झाला नाही. शिमो-शिराताकीला लूप मार्ग, म्हणजे एक गाडी बाजूला थांबवता येईल असा जादा रूळ आहे, म्हणून प्रवाशांसाठी ते बंद झाले तरी गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी ते जिवंत ठेवले गेले. क्यू-शिराताकीला एकच रूळ होता. तो १९४७ साली तात्पुरता थांबा म्हणून सुरू झाला. असे थांबे विभागीय रेल्वे कार्यालये आपल्या अधिकारात देत आणि देशाच्या अधिकृत वेळापत्रकात त्यांना बहुधा जागा नसे. चाळीस वर्षांनी, १ एप्रिल १९८७ रोजी, जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून जेआर कंपन्या झाल्या त्या दिवशी त्याला स्थानकाचा दर्जा मिळाला. स्थानक म्हणून त्याचे आयुष्य त्यामुळे एकोणतीस वर्षांचेच भरते.

तुम्ही ब्लॉक सेक्शनचा विषय काढलात म्हणून सांगतो. डोंगराच्या पलीकडचे कामिकावा आणि अलीकडचे शिराताकी यांच्यामध्ये एके काळी बरीच स्थानके होती. १९३२ साली ४,३२९ मीटरचा सेकिहोकु बोगदा पूर्ण झाला आणि हा मार्ग जोडला गेला, तेव्हा त्या डोंगरात लाकूडतोडे होते, गिरण्या होत्या, शाळा होत्या. लाकडाचा धंदा बसला, माणसे उतरून खाली गेली आणि स्थानके एकेक करून नुसत्या क्रॉसिंगच्या जागा झाली. त्यांतली शेवटची खेप २००१ साली संपली. त्यानंतर कामिकावा ते कामि-शिराताकी हे अंतर ३४ किलोमीटर झाले होते. २०१६ मध्ये कामि-शिराताकीही गेल्यावर कामिकावा ते शिराताकी हे अंतर ३७.३ किलोमीटर झाले. दोन लगतच्या स्थानकांमधले एवढे अंतर जेआरच्या नेहमीच्या मार्गांवर, म्हणजे शिनकान्सेन वगळता, दुसरीकडे कुठेही नाही. क्रॉसिंगच्या जागा मध्ये आहेत, सिग्नल आहेत. फक्त उतरायला परवानगी असलेली एकही जागा नाही.

सिग्नल केबिन

आभारी आहे. आता चित्र स्पष्ट झाले. आपल्याकडे हॉल्टवर गावातलाच एखादा माणूस एजंट म्हणून नेमतात. तो जवळच्या मोठ्या स्थानकातून तिकिटे विकत आणतो आणि कमिशनवर विकतो. क्यू-शिराताकीला तिकीट कोण देत होते?

उत्तरवारा

कोणीही नाही. जपानीत अशा स्थानकाला 'मुजिन-एकी' म्हणतात, 'माणूस नसलेले स्थानक'. स्थानकाची सगळी कामे गाडीच्या चालकाकडे येतात, आणि ज्या गाडीत चालकाखेरीज दुसरा कर्मचारी नसतो तिला ते इंग्रजीवरून घेतलेला 'वानमान' हा शब्द वापरतात. मागच्या दाराने चढायचे. दारापाशी एक लहान यंत्र असते, त्यातून एक चिठ्ठी ओढून घ्यायची. चिठ्ठीवर तुम्ही चढलात त्या स्थानकाचा क्रमांक असतो. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो आणि त्यात प्रत्येक क्रमांकाखाली आत्तापर्यंतचे भाडे दिसते, जे गाडी पुढे सरकेल तसे वाढत जाते. उतरताना पुढच्या दाराशी चालकाच्या शेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे. सुटे नसतील तर त्याच पेटीला जोडलेल्या यंत्रात नोट आधीच मोडून घ्यावी लागते. विद्यार्थी नुसता पास दाखवतात. चालक पांढरे हातमोजे घातलेला असतो, प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतो, आणि पैसे घेताना प्रत्येकाचे आभार मानतो. मी क्यू-शिराताकीला उतरलो तेव्हा त्याने मला पुढच्या गाडीची वेळ दोनदा सांगितली. मी परदेशी दिसत होतो आणि बाहेर बर्फ होता, एवढ्यावरून त्याने काय ते ओळखले असावे.

काही ठिकाणी तुम्ही म्हणता तशीही व्यवस्था आहे. नगरपालिका किंवा स्थानकासमोरचे दुकान तिकिटे विकते. पण क्यू-शिराताकीसमोर दुकान नव्हते.

सांजवात

हे सगळे वाचूनही माझे मन थोडे वेगळे सांगते आहे, आणि ते मी आदराने मांडते. तो मजकूर माझ्या मुलीने आठवीत असताना वाचला होता आणि तिच्या वहीत उतरवून घेतला होता. त्या वेळी आमच्या गावाहून तालुक्याला जाणारी एस. टी. बंद झाली होती आणि तिच्या वर्गातल्या दोन मुलींनी शाळा सोडली होती. एखादी व्यवस्था एका मुलीचा विचार करू शकते, ही कल्पना तिला फार जवळची वाटली. स्थानकाचे नाव चुकले, गाडीत आणखी मुले होती, एवढ्याने त्या कल्पनेचे मोल कमी होते का? आपण अचूकतेच्या मागे लागून एक चांगली भावना विझवत तर नाही ना?

उत्तरवारा

सांजवात, तुमच्या प्रतिसादाने मला दोन दिवस विचार करायला लावले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुमच्या मुलीला जे जवळचे वाटले ते खोटे नाही, असे मला मनापासून वाटते. माझी हरकत आहे ती गोष्टीने केलेल्या एका अदलाबदलीला. त्या मजकुरात एका दयाळू सरकारने एका मुलीवर उपकार केला असे दिसते. उपकार म्हटला की तो एकदाच होतो, एकीवरच होतो, आणि ती शाळेतून बाहेर पडली की संपतो. प्रत्यक्षात तिथे होती ती रोजची व्यवस्था : चालकाने प्रत्येक फलाटावर थांबणे, चढायला कोणी नसले तरी थांबणे, शाळेच्या वेळेशी जुळवलेले वेळापत्रक, बर्फ काढणारे हात. ही व्यवस्था त्या मुलीच्या जन्माआधीपासून चालू होती आणि त्या खोऱ्यातल्या कित्येक मुलांनी तिचा लाभ घेतला होता. तुमच्या गावच्या एस. टी.च्या बाबतीतही त्या दोन मुलींना हवी होती ती रोजची, ठरल्या वेळेची गाडी. कोणाची खास मेहेरबानी त्यांनी मागितली नव्हती. म्हणून मला वाटते की तुमच्या मुलीच्या वहीत ही दुसरी हकीकतही असावी.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. त्या वेळी जगभरच्या लोकांनी त्या स्थानकाच्या नावाने डोळे पुसले, आणि दोन महिन्यांनी ते बंद झाले तेव्हा ते बंद का झाले हे फारच थोड्यांनी विचारले.

सांजवात

हे मला पटले. वही तिने अजून जपून ठेवली आहे. मी तिला हा धागा पाठवला आहे.

खतावणी

मग तो प्रश्न मी विचारतो. का बंद झाले? जपानसारख्या श्रीमंत देशाला एक फलाट आणि एक लाकडी खोली परवडत नाही, हे पटायला कठीण जाते.

उत्तरवारा

प्रश्न एका खोलीचा असता तर ती आजही उभी असती. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेच्या सहा प्रवासी कंपन्या केल्या गेल्या. तोक्यो आणि ओसाकाच्या भोवतालच्या कंपन्यांना भरगच्च मार्ग मिळाले. होक्काइदोच्या वाट्याला लांबच लांब मार्ग, विरळ वस्ती आणि सहा महिन्यांचा हिवाळा आला. ही कंपनी तोट्यातच चालणार हे सर्वांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, म्हणून तिला ६८२.२ अब्ज येनचा एक निधी देण्यात आला. त्याच्या व्याजातून दरवर्षीचा तोटा भरून निघेल असा हिशेब होता. त्या वेळी व्याजाचा दर सात टक्क्यांच्या आसपास गृहीत धरला होता. त्यानंतर जपानमध्ये व्याजाचे दर जवळजवळ शून्यावर आले आणि तो हिशेब कोसळला. मजकुरात 'जपान सरकार' म्हटले होते. तर कंपनीचे सगळे समभाग आजही एका सरकारी संस्थेकडेच आहेत, पण चालवायची ती कंपनी म्हणून, अशी ही मधलीच अवस्था आहे.

दुसरे कारण रस्त्याचे. आसाहिकावाहून ओखोत्स्क किनाऱ्याच्या दिशेने जाणारा द्रुतगती मार्ग याच डोंगरातून येतो, शिराताकीला त्याचा फाटा आहे आणि या भागात त्यावर पथकर लागत नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी गाडी सोडली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ही स्थानके बंद झाल्यावर आठ महिन्यांनी, कंपनीने जाहीर केले की १३ मार्गखंड, एकूण १,२३७ किलोमीटर, स्वतःच्या बळावर चालवणे तिला शक्य नाही. हा तिच्या एकूण मार्गांचा जवळजवळ निम्मा भाग होता, आणि त्यात हा सेकिहोकु मार्गही आहे. त्या यादीतले काही मार्ग त्यानंतर गेले. युबारीची शाखा १ एप्रिल २०१९ रोजी बंद झाली. शिन-तोत्सुकावा नावाच्या स्थानकावर तर शेवटी दिवसाला एकच गाडी येत असे. तोही मार्ग २०२० मध्ये संपला आणि साथीच्या दिवसांत गर्दी होऊ नये म्हणून तिथली शेवटची फेरी ठरल्या तारखेच्या आधीच उरकावी लागली. निरोप द्यायला जमू इच्छिणाऱ्या गावकऱ्यांना ती संधीही मिळाली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

सेकिहोकु अजून चालू आहे, आणि त्यात कांद्याचाही वाटा आहे. कितामी हा जपानमधला सर्वांत मोठा कांदा पिकवणारा प्रदेश. तिथला कांदा ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत एका खास मालगाडीने याच रुळांवरून, याच शिराताकीवरून बाहेर जातो.

कांदेबाजार

आमचे घर तीन पिढ्या लासलगावच्या बाजाराशी जोडलेले आहे, त्यामुळे या शेवटच्या वाक्याला मी अडलो. कांद्यासाठी वेगळी मालगाडी रोज धावते? आणि बर्फाच्या प्रदेशात कांदा येतो कसा?

उत्तरवारा

हंगामात धावते, आणि लोक तिला 'तामानेगी गाडी' म्हणजे कांद्याची गाडीच म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन असते. त्याचे कारण एंगारू. या स्थानकात गाडीला दिशा उलटी करावी लागते, कारण सरळ पुढे जाणारा जुना मार्ग १९८९ मध्ये बंद झाला आणि राहिलेले दोन्ही मार्ग स्थानकात एकाच बाजूने येतात. प्रवासी गाडी तिथे उलटी फिरली की लोक उठून आपापली आसने फिरवून घेतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते आणि शेजारच्या आजींनी माझे आसन फिरवून दिले.

पीक वर्षातून एकच. बर्फ असतानाच हरितगृहात रोपे करतात, वसंतात लावतात आणि उन्हाळा संपताना काढतात. तिथला उन्हाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा बराच मोठा असतो आणि जातीही त्या दिवसमानाच्या असतात.

दक्षिणबेट

मी जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर राहते आणि माझ्या सासूबाई चाकांची खुर्ची वापरतात. या धाग्यात मुजिन-एकीबद्दल बरेच प्रेमाने लिहिले गेले आहे आणि मलाही ती स्थानके आवडतात, पण त्यांची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. जपानमधल्या सुमारे साडेनऊ हजार स्थानकांपैकी जवळपास निम्म्यांवर आता कर्मचारी नाही, आणि ती सगळी डोंगरातली नाहीत. शहरांच्या कडेची, रोज शेकडो माणसे वापरतात अशी स्थानकेही त्यात आली आहेत. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवर टाकायचा उतार कोणीतरी माणसानेच आणून ठेवावा लागतो. माणूस नसेल तर आधी दूरध्वनी करून वेळ ठरवावी लागते. इतरांना मनात आले की निघता येते. आम्हाला आदल्या दिवशी परवानगी घेतल्यासारखे कळवावे लागते.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये ओइता इथल्या चाकांची खुर्ची वापरणाऱ्या काही प्रवाशांनी जेआर क्यूशूविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला तो याच प्रश्नावर. स्थानके कर्मचारीविना करण्याने आमचे फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये परिवहन मंत्रालयाने अशा स्थानकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रिकाम्या फलाटाची छायाचित्रे पाहताना तो फलाट कोणासाठी रिकामा झाला, हेही आठवावे असे मला वाटते.

उत्तरवारा

दक्षिणबेट, तुम्ही लिहिलेत ते या धाग्यात यायलाच हवे होते. क्यू-शिराताकीच्या फलाटावर चढायला पायऱ्या होत्या, आणि मी तिथे दीड तास बसूनही त्या पायऱ्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

पाऊलखुणा

गावांना आपले स्थानक वाचवता येत नाही का? वर्गणी काढून, श्रमदानाने?

उत्तरवारा

काही गावांनी वाचवले आहे. होक्काइदोच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कोबोरो नावाचे एक स्थानक दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत आहे, तिथवर मोटारीचा रस्ताच नाही आणि आसपास घरही नाही. कंपनी ते बंद करणार होती, तेव्हा तोयोउरा गावाने २०१६ पासून त्याच्या देखभालीचा भार उचलला, कारण ते पाहायला लांबून माणसे येतात. अगदी उत्तरेला होरोनोबे गावात नुकानान नावाचे स्थानक आहे. तिथली खोली म्हणजे घराच्या अंगणात सामान ठेवायला वापरतात तशी पत्र्याची लहानशी कोठी आहे. तेही आता गावाच्या खर्चाने चालते. अशा स्थानकांत बहुतेक वेळा एक वही ठेवलेली असते, तिला 'एकी-नोतो' म्हणतात. आलेला माणूस त्यात तारीख, हवामान आणि दोन ओळी लिहून जातो.

पण ही वाचलेली स्थानके बरीचशी पाहुण्यांमुळे वाचली. क्यू-शिराताकीजवळ पाहण्यासारखे काही नव्हते. शिराताकी परिसर ऑब्सिडियन या काळ्या काचेसारख्या दगडासाठी प्रसिद्ध आहे, अश्मयुगातल्या माणसांनी त्याची हत्यारे केली आणि तिथे सापडलेल्या वस्तूंना २०२३ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. पण त्यांचे प्रदर्शन शिराताकी स्थानकाजवळ आहे. क्यू-शिराताकीला होती ती शेते, काही घरे आणि शाळेला जाणारी मुले.

सिग्नल केबिन

शेवटचे विचारतो. आता त्या जागी काय आहे?

उत्तरवारा

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा त्या मार्गाने गेलो, सप्पोरोहून आबाशिरीला जाणाऱ्या 'ओखोत्स्क' या जलद गाडीने. कामिकावा सोडल्यावर गाडी डोंगर चढू लागली, बोगद्यातून बाहेर आली आणि ३७.३ किलोमीटरनंतर शिराताकीला थांबली. तिथे गणवेशातली दोन मुले एका आजींना डब्यात चढवून देऊन फलाटावरच थांबली. गाडी सुटल्यावर मी खिडकीला कपाळ टेकवून पुढचे सहा-साडेसहा किलोमीटर मोजत बसलो. वळण ओळखीचे वाटले, नदीकडे उतरणारी शेताची कड ओळखीची वाटली. फलाट नव्हता, खोली नव्हती. रुळापासून रस्त्यापर्यंत गवताचा एक पट्टा मात्र आजूबाजूच्या गवतापेक्षा ठेंगणा होता, खोलीपासून फलाटापर्यंत बर्फ काढलेला असायचा साधारण तेवढ्याच रुंदीचा. ते स्थानकाचेच चिन्ह होते की शेतकऱ्याची पायवाट, हे नीट पाहण्याआधीच गाडी पुढे निघून गेली.